बूच आडवं होतं तेव्हा

“मग गळ ओढायचा तरी कधी?” अभ्यंकरांनी विचारलं.

बर्फातल्या भोकावर पुन्हा पातळ साय धरली होती. ती तांडेलमामांनी झाऱ्यानं काढून बाजूला टाकली. झारा घरातलाच होता, भजी तळायचा.

“मामा, मी विचारलं...”

“आयकलंय.”

पुन्हा काही नाही...

अभ्यंकरांना गप्प बसवणारी माणसं आयुष्यात फार भेटली नव्हती. बत्तीस वर्षं त्यांनी पुलांवरच्या भाराची गणितं केली. कुठल्या खांबावर किती वजन येतं हे विचारायला गोरे इंजिनियर त्यांच्या टेबलाशी उभे राहत. असा माणूस आज मिनेसोटाच्या उत्तरेला, एका गोठलेल्या तळ्यावर, उलट्या बालदीवर बसून वेंगुर्ल्याच्या एका म्हाताऱ्या खलाशाच्या तोंडाकडे बघत होता.

मामा पन्नास वर्षांपूर्वी मालवाहू बोटीवरून इकडच्या मोठ्या सरोवरातल्या बंदरात आले. बोट हिवाळाभर बर्फात अडकली. वसंतात ती परत गेली, मामा राहिले. का राहिलात म्हणून कुणी विचारलं तर एवढंच सांगत, “बोट चुकली.”

पहिल्याच रविवारी त्यांनी अभ्यंकरांना विचारलं होतं, “वय काय?”

“एकसष्ट.”

“माजा अठ्ठ्याहत्तर. म्हणजे तू.”

तेव्हापासून अभ्यंकर ‘तू’ होते. जगात आता त्यांना ‘तू’ म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

आजचा सहावा रविवार. अभ्यंकर पहिल्या दिवसापासून येत होते ते सगळ्या तयारीनिशी. लाल तंबू, त्यात गॅसची शेगडी, बर्फ पोखरणारं मोटरचं ड्रिल, आणि पाण्याखालचे मासे रंगीत ठिपक्यांनी दाखवणारं एक यंत्र. पाच रविवार ते तंबूत बसून ठिपके बघत राहिले. ठिपके यायचे, गळापाशी थांबायचे, निघून जायचे. मासा एकही नाही. आणि वीस पावलांवर मामा उघड्यावर बसून एकामागून एक क्रॅपी वर काढत होते. क्रॅपी म्हणजे तळहाताएवढा चपटा मासा, अंगावर काळे शिंतोडे. आपल्या पापलेटाचा गरीब चुलतभाऊ म्हणा.

सहाव्या रविवारी अभ्यंकरांनी अभिमान गिळला आणि मामांसमोर येऊन उभे राहिले.

“शिकवा,” ते म्हणाले.

“ता यंत्र बंद कर,” मामा म्हणाले. “आनी भायर बस.”

मग हातात एक वीतभर काठी दिली. काठीला दोर, दोराला बूच, बुचाखाली शिशाचा बारीक मणी, आणि गळाला एक पांढरी अळी. बूच पाण्यात अर्धं बुडून सरळ उभं होतं.

“ह्येच्याकडे बघ.”

“आणि?”

“आनी काय नाय.”

अभ्यंकर बघत राहिले. वारा कानाच्या पाळ्या कापत होता. तळ्यावर त्या दोघांखेरीज चिटपाखरू नव्हतं. मधूनच खोल कुठेतरी बर्फ कण्हायचा आणि तो आवाज या काठापासून त्या काठापर्यंत जायचा.

बराच वेळ गेला. मग बूच हळूच वर आलं आणि पाण्यावर आडवं पडलं.

“छे!” अभ्यंकर म्हणाले. त्यांनी दोर वर घेतला. मणी जागेवर, गळ जागेवर, अळी मात्र नाही. “वजन गेलं कुठं?”

मामांनी नवी अळी लावून दिली.

पुन्हा बूच सरळ उभं राहिलं, पुन्हा बऱ्याच वेळानं आडवं पडलं. अभ्यंकरांनी पुन्हा दोर काढून बघितला. गळ रिकामा.

त्याच वेळी मामांचंही बूच आडवं झालं. मामांनी मनगट नुसतं उचललं, दुधाचं पातेलं गॅसवरून उतरवावं इतकं सावकाश. आणि क्रॅपी वर आला. त्यांनी तो पाणी भरलेल्या बालदीत सोडला. बालदीत आता सहा झाले होते.

अभ्यंकर चिडलेच.

“हे कुठलं शास्त्र? मासा लागला तर बूच बुडलं पाहिजे. भार वाढला पाहिजे. माझं बूच बुडतच नाही. उलट दोर सैल पडतो, म्हणजे खाली काहीही नाही!”

“काय्येक नाय?”

“काही नाही. भार शून्य.”

मामांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

“ह्यो मासो वर बघता रे. डोळे वर आसत ह्येचे. खालसून येता, घास तोंडात घेता, आनी घास घेवन वर येता. तुज्याकडे येता. मगे तुका भार कसो लागतलो?”

अभ्यंकरांनी हातातल्या दोराकडे बघितलं.

“म्हणजे दोर सैल पडला, की...”

“तो इलो.”

इलो, म्हणजे आला. अभ्यंकरांच्या डोक्यात गणित उलटं फिरायला थोडा वेळ लागला. मनातल्या मनात त्यांनी बाणाच्या खुणा काढल्या, वजा अधिक केलं. बरोबर होतं. रागही आला, कारण इतकं बरोबर होतं.

तिसऱ्यांदा बूच आडवं झालं तेव्हा ते तयार होते. त्यांनी काठी जिवाच्या आकांतानं वर हिसकली.

क्षणभर हाताला जिवंत धडपड लागली. मग गेली.

गळ वर आला. त्यावर एक पारदर्शक पापुद्रा लटकत होता, नखाएवढा.

“हे काय?”

“ओठ,” मामा म्हणाले. “क्रॅपीचो ओठ पातळ आसता. हिसको दिलंस काय फाटता.”

अभ्यंकरांनी तो पापुद्रा गळावरून सोडवला. मासे पकडायला आलेल्या माणसाला माशाचा फाटका ओठ बघून इतकं वाईट वाटायचं काही कारण नव्हतं. पण त्यांना वाटलं. ते उगाच तळ्याच्या पलीकडच्या झाडांकडे बघत राहिले.

“तुका मासे कित्याक व्हये?” मामांनी विचारलं. “तू तर खानस नाय.”

खरंच होतं ते. अभ्यंकरांच्या घरात मासा कधी शिजला नाही. बायको मंदाकिनी वेंगुर्ल्याची. एकोणीस हिवाळे ती दर रविवारी इथे, याच तळ्यावर, मामांशेजारी बसली. मासे घरी आणायची आणि गॅरेजमध्ये गाडीशेजारी विजेची शेगडी मांडून रव्यात घोळवून तळायची. ती आणि मुलगी केतकी तिथेच, घडीच्या खुर्च्यांवर बसून, अंगात कोट घालून खायच्या. अभ्यंकर आतून दाराची फट बंद करत. वास येतो म्हणून. आतमध्ये बातम्या चालू असत, आणि गॅरेजमधून त्या दोघींच्या हसण्याचा आवाज येई.

गेल्या मार्चमध्ये मंदाकिनी गेली.

“तिचं वर्ष आहे पुढच्या महिन्यात,” अभ्यंकर म्हणाले. “केतकी येईल, निदान यायला हवी. तिला तसे मासे करून घालावेत म्हटलं. तेवढं तरी...”

“तेवढा तरी म्हणजे?”

आता बोलावं लागणार होतं. अभ्यंकरांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले.

“मंदाचं कपाट मी रिकामं केलं. तेरावं झालं आणि पंधराव्या दिवशी. साड्या, स्वेटर, चपला, सगळं. खोक्यांवर चिठ्ठ्या लावल्या आणि संस्थेला देऊन टाकलं. मला वाटलं, काम उरकलं की बरं वाटेल. केतकी पुढच्या आठवड्यात शिकागोहून पुन्हा आली. कपाट उघडलं तिनं... आत हँगर होते फक्त.”

“मगे?”

“काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी गेली. तेव्हापासून घरी आलेली नाही.”

बर्फ कण्हला. लांबून, या काठाकडे.

“फोन?”

“फोन यायचा. दर रविवारी, साडेअकराला.” अभ्यंकरांच्या आवाजात जुनी तक्रार आली. “पण बोलायची काही नाही हो! फोन करायची आणि गप्प. मी विचारायचो, काही काम होतं का? म्हणायची, नाही. मग थोड्या वेळानं म्हणायची, ठेवू? मी म्हणायचो, ठेव. आता काहीच नाही तर माणूस दुसरं काय म्हणणार?”

मामांचा झारा भोकाच्या तोंडाशी थांबला.

त्यांनी आपला दोर सगळा पाण्याबाहेर काढला. काठीला गुंडाळला. काठी बर्फावर आडवी ठेवली. मासे लागत असताना मामांनी दोर वर काढलेला अभ्यंकरांनी सहा रविवारांत पाहिला नव्हता.

“काय झालं?”

मामा नुसते त्यांच्याकडे बघत होते.

अभ्यंकरांनी नजर चुकवली. ती जाऊन त्यांच्या स्वतःच्या बुचावर पडली. बूच पाण्यावर आडवं होतं. केव्हापासून होतं कोण जाणे... त्यांनी काठीला हात लावला नाही. ते बघतच राहिले.

दर रविवारी. साडेअकराला. दर रविवारी ती आली होती.

“मामा...” ते म्हणाले. “गेल्या रविवारी फोन आला नाही.”

“आज?”

अभ्यंकरांनी बाही सरकवून घड्याळ बघितलं. बारा वाजायला दहा मिनिटं होती.

“नाही.”

मामा बोलले ते भोकाकडे बघत.

“माजो झील, माजो पोरगो, सिअ‍ॅटलाक आसा. तो पन असोच. फोन करी आनी गप. एक दिवस मी म्हटलंय, बोलूचा नाय तर फोन कित्याक करतंस?”

“मग?”

“मगे नाय केलो. नऊ वर्सां झाली.”

‘तुम्ही का नाही करत?’ असं अभ्यंकरांच्या ओठांवर आलं होतं, पण ते विचारायला आपल्याला तोंड नाही, हे त्यांना आपोआप कळलं. मामांनीच विचारलं, “तू केलंस कदी?”

“काय?”

“फोन.”

“ती करते ना... म्हणजे करायची.”

“तू केलंस?”

“...नाही.”

अभ्यंकर बालदीवरून उठले. चार पावलं गेले, परत आले, बसले. फोन बाहेर काढला. थंडीनं बोटं बधिर झाली होती, नाव सापडता सापडेना. शेवटी सापडलं.

“मी बोलू काय पण?” त्यांनी विचारलं. घंटी वाजत होती.

मामांनी खांदे उडवले.

घंटी वाजत राहिली. अभ्यंकरांना वाटलं, नाही उचलणार. मग उचलला.

“काय झालं?” केतकीचा आवाज घाबरलेला होता. “बाबा? बरं आहे ना?”

“हो. बरं आहे.”

“मग?”

अभ्यंकरांनी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं. बत्तीस वर्षं बैठका चालवलेला माणूस, एक वाक्य सापडेना.

“काही काम होतं का?” केतकीनं विचारलं.

त्यांचंच वाक्य. त्यांच्याच सुरात. ते इतकं थंड लागतं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“नाही,” ते म्हणाले.

पलीकडे शांतता. एखादी गाडी गेल्याचा आवाज.

“ठेवू?” केतकी म्हणाली.

‘ठेव’ हा शब्द सवयीनं जिभेवर येऊन बसलाच होता. अभ्यंकरांनी डोळे मिटले.

“नको.”

...

वारा फोनमध्ये शिरत होता. तिकडून काही येत नव्हतं. पण फोन चालू होता, आणि आता त्या गप्प राहण्यात एक माणूस आहे हे अभ्यंकरांना कानाला लागत होतं. श्वास लागत होता. किती वेळ गेला कळलं नाही. मग तळ्याचा बर्फ पुन्हा कण्हला, मोठ्यानं, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“तळ्यावर आहात तुम्ही?” केतकीनं विचारलं. आवाज बदलला होता.

“हो.”

“आईच्या?”

“हो. मामा आहेत इथे.”

मग तिकडून ती रडतेय हे त्यांना कळलं. हळू, तोंडावर हात धरून रडणारी.

अभ्यंकरांच्या तोंडाशी सगळं एकदम आलं. कपाटाचं, खोक्यांचं, मी मुद्दाम नाही गं केलं, मला घरात उभं राहवत नव्हतं, विमानाचं तिकीट मी काढतो, तू आत्ताच्या आत्ता नीघ, आपण सगळं बोलून टाकू. पाठ ताठ झाली.

मामांनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला. वर नाही, खाली नाही. नुसता ठेवला.

अभ्यंकरांनी श्वास सोडला. एक शब्द बोलले नाहीत.

“तिचा तो मोरपंखी स्वेटर...” बऱ्याच वेळानं केतकी म्हणाली. “तोही दिलात?”

“दिला.”

“मला हवा होता तो.”

अभ्यंकरांचे डोळे भरून आले. पाणी गालावर येऊन तिथेच गार झालं.

“मलाही,” ते म्हणाले.

तिकडे काहीतरी हललं. खुर्ची असेल. केतकी लगेच काही बोलली नाही, आणि अभ्यंकरांनीही तिला बोल म्हटलं नाही. दोघं बाप-लेक शिकागो आणि एक गोठलेलं तळं यांच्यामध्ये तशीच बसून राहिली.

“मी शनिवारी येऊ?” ती म्हणाली.

“ये.”

“बरं.”

मग फोन ठेवला गेला. कुणी आधी ठेवला ते अभ्यंकरांना सांगता आलं नसतं.

ते ताडकन उठले. डोळे पुसले. अंगात पंचविशीतलं बळ आलं होतं, आणि त्या बळाबरोबर जुने अभ्यंकरही परत आले.

“येतेय, मामा! शनिवारी. म्हणजे सहा दिवस. रवा आहे घरात, शेगडी गॅरेजमध्ये आहे. मंदाची मसाल्याची कृती वहीत असेल, ती शोधतो. तिखट किती, मीठ किती, सगळं काढतो. केतकीला आल्या आल्या ताट वाढतो. मग कपाटाचं सांगतो सविस्तर, मुद्द्यानं. फक्त मासे हवेत. माझ्याच्यानं होणार नाही एवढ्यात. तुमच्या बालदीतले सहा द्याल? गोठवून ठेवतो.”

मामा उठले. गुडघे धरत, कण्हत उठले.

त्यांनी बालदी भोकाशी ओढली. आत हात घातला, एक क्रॅपी काढला आणि पाण्यात सोडला. मग दुसरा.

“अहो, मामा! काय करताय?”

तिसरा. चौथा...

“मामा, तिला काहीतरी द्यायला नको का? काय घालू मी तिला? रिकाम्या हातानं कसा बसू तिच्यासमोर?”

पाचवा गेला. सहावा मामांच्या हातातून थोडा धडपडला, मग तोही गेला. मामांनी ओले हात कोटाला पुसले, झारा उचलला आणि घराकडे तोंड केलं. दोन पावलं गेल्यावर थांबले.

“तू काय घालू नको. ती इली काय तूच तिका सांग,” ते म्हणाले, “‘माका भूक लागली हा.’”